रिकाम्या ओळी रिकाम्या नसतात: नागपूरच्या गच्चीवरून एकार्स ऐकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात नंदनवनला राहणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतलं, सोबत आलेला वीतभर अँटेना गॅलरीच्या कठड्याला चिकटवला आणि १३१.५५० मेगाहर्ट्झवर एकार्सडेक चालू केलं. एकार्स म्हणजे विमान आणि जमीन यांच्यात रेडिओवरून जाणारे छोटे लेखी संदेश, आणि एकार्सडेक हा ते उलगडून पडद्यावर ओळी दाखवणारा डीकोडर. दिवसभरात मोजक्याच ओळी येतात, त्यातल्या बहुतेकांत मजकूर नसतो आणि जमिनीवरून विमानाकडे गेलेला संदेश तर एकही दिसत नाही. डीकोडर बिघडलाय की संदेश कुलूपबंद असतात, असं त्यांनी विचारलंय.

डीकोडर ठीक आहे. प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे एका दमात जाणाऱ्या तुकड्याच्या, शेवटी १६ बिटांची तपासणी असते. ती जुळली, किंवा एखाद-दुसरं बिट दुरुस्त करून जुळवता आली, तरच ओळ पडद्यावर येते. म्हणजे ज्या ओळी आल्या त्या धडपणे आल्या आहेत. तुमची अडचण वेगळी आहे: ओळी कमी येताहेत, आणि ज्या येताहेत त्या तुम्ही मजकूर नाही म्हणून सोडून देताय. माझी उभी नोकरी विमानांच्या रेडिओंच्या दुरुस्तीत झाली आणि घरच्या गच्चीवर ऐकण्याचा छंद अजून चालू आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो, आणि सुरुवात त्या रिकाम्या ओळींपासूनच करतो.

एकार्स १९७८ साली एअरिंक कंपनीने अमेरिकेत सुरू केलं. वैमानिकाने बोलून सांगायच्या ठरावीक गोष्टी यंत्राने परस्पर कळवाव्यात, एवढाच मूळ हेतू. पद्धत साधी आहे. विमान ज्या एएम रेडिओवर बोलतं, त्याच प्रकारच्या रेडिओवर आवाजाऐवजी १२०० आणि २४०० हर्ट्झचे दोन सूर जातात. वेग सेकंदाला २४०० बिट. आधीचं बिट आणि आत्ताचं बिट सारखं असेल तर २४०० चा सूर, बदललं तर १२०० चा. सुरुवातीला सलग १६ अक्षरांच्या लांबीभर नुसतं १ हेच बिट पाठवलं जातं. बिट बदलतच नाही, म्हणून कानाला आधी क्षणभर सपाट शिट्टी लागते आणि मग खरखर. एका ब्लॉकमध्ये मजकुराची जास्तीत जास्त २२० अक्षरं बसतात. असा पूर्ण भरलेला ब्लॉक सेकंदाच्या आत संपतो. रिकामा ब्लॉक त्याच्या पाचव्या हिश्श्यात संपतो, तो कानाला नुसती टिचकी वाटते.

आता एक ओळ जवळून बघा. तुमच्या लॉगमध्ये अशी एखादी असेलच: मोड २, पुढे व्हीटीने सुरू होणारी, म्हणजे भारतीय, विमानाची नोंदणी, उत्तराच्या जागी इंग्रजी के, लेबल अंडरस्कोर आणि डी, ब्लॉक ४, मग चार अक्षरांचा संदेश क्रमांक, मग उड्डाण क्रमांक. मजकूर काही नाही. मोड २ म्हणजे हा ब्लॉक कोणत्याही जमिनीवरच्या स्टेशनने उचलला तरी चालेल. ब्लॉकच्या जागी आकडा आहे, म्हणजे संदेश विमानातून खाली आला. खालून वर जाणाऱ्या ब्लॉकला अक्षर असतं. अंडरस्कोर-डी हे लेबल सांगतं की विमानाकडे पाठवायला स्वतःचं काही नव्हतं. मग त्याने ट्रान्समीटर चालू केलाच कशाला? त्याचं उत्तर त्या के मध्ये आहे. जमिनीवरून के नावाचा ब्लॉक विमानाला मिळाला, त्याची ही पोचपावती. जो संदेश तुम्हाला कधी ऐकू आला नाही, तो गेला, कोणत्या विमानाला गेला आणि किती वाजता पोचला, हे सगळं या मजकूर नसलेल्या ओळीत लिहिलेलं आहे.

थोडं पुढे जाऊ. एकाच विमानाची तीच ओळ, तोच ब्लॉक आकडा आणि तोच संदेश क्रमांक काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा आला, तर विमान बोलतंय पण खालून पावती मिळत नाहीये. एखाद्या विमानाने के ची पावती दोनतीनदा दिली, तर खालच्या स्टेशनला ती ऐकू गेली नाही म्हणून त्याने तोच ब्लॉक परत पाठवला. अशा पुनरावृत्त्या तुम्ही नकाशावर विमानाच्या जागेसकट मांडल्या, तर जमिनीवरच्या स्टेशनांचा आवाका कुठे पातळ होतो ते हळूहळू दिसायला लागतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढा विषय पुरेसा आहे, आणि त्यात कुणाचाही खासगी मजकूर उघडा पडत नाही. मला विचाराल तर हेच करा.

संदेश क्रमांकाचाही उपयोग आहे. त्यात पहिलं अक्षर, मग दोन आकडे, मग पुन्हा अक्षर. शेवटचं अक्षर ए, मग बी, मग सी असं सरकत गेलं तर तो एकाच लांब संदेशाचा पुढचा पुढचा तुकडा आहे. बरेचजण हे तुकडे वेगवेगळे वाचतात आणि अर्धवट मजकूर बघून सांकेतिक आहे असं ठरवून टाकतात. इंजिनाचा अहवाल तीनचार ब्लॉकमध्ये तुटून येणं रोजचंच आहे. आधी जोडा, मग वाचा.

जमिनीवरचं स्टेशन ऐकू का येत नाही, हे निव्वळ भूमितीने सुटतं. या फ्रिक्वेन्सीला सरळ दृष्टिरेषा लागते. दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. जे येईल ते किलोमीटर. ३५ हजार फुटांवरचं विमान आणि १२ मीटर उंच गच्चीवरचा अँटेना, उत्तर येतं सुमारे ४४० किलोमीटर. नागपूरहून सरळ रेषेत हैदराबाद साधारण ४२० आहे, भोपाळ २९०, रायपूर २६०. एवढं सगळं आकाश तुमच्या टप्प्यात येतं. पण दोन्ही टोकं जमिनीवर, १५-१५ मीटरवर असली, तर हाच हिशेब ३२ किलोमीटरवर येऊन थांबतो, आणि मध्ये इमारती आल्या की आणखी घटतो. विमान हैदराबादच्या स्टेशनशी बोलत असेल तर त्याची बाजू तुम्हाला खणखणीत ऐकू येईल, स्टेशनची कधीच नाही.

ऐकायला नागपूरसारखी जागा नाही, हे मी गावचा अभिमान म्हणून सांगत नाहीये. मुंबई-कोलकाता सरळ रेष जवळपास आपल्या डोक्यावरून जाते, दिल्ली-चेन्नईचीही. आखातातून आग्नेय आशियाकडे जाणारी विमानंही याच टापूतून जातात. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत पोचायची. देशाच्या मध्यावर असण्याचा तो फायदा आज गच्चीवर अँटेना लावणाऱ्याला आयता मिळतो.

पण अँटेना गच्चीवर हवा. गॅलरीत वर स्लॅब, मागे भिंत, पुढे लोखंडी कठडा. म्हणजे अर्ध्याहून जास्त आकाश झाकलेलं. शिवाय तुमचा वीतभर अँटेना टीव्हीसाठी बनवलेला आहे. १३१.५ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ५७ सेंटीमीटर होते, तार थोडी आखूड घ्यावी लागते म्हणून ५४ धरा. जाड तांब्याच्या तारेचे दोन तुकडे प्रत्येकी ५४ सेंटीमीटर, एक वर एक खाली, मध्ये केबल जोडायची, पीव्हीसी पाइपावर बांधून पाण्याच्या टाकीच्याही वर उभं करायचं. उभंच. विमानाच्या पोटाखालचे आणि पाठीवरचे अँटेने उभे असतात, तुमचा आडवा ठेवला तर सिग्नल नाहक घटेल. केबल डिशवाल्याकडची आरजी-६ घ्या. ती ७५ ओहमची आहे याची काळजी नुसतं ऐकण्यासाठी करायची गरज नाही. ३० मीटरमागे तिच्यात साधारण अडीच डेसिबल जातात. बारीक आरजी-५८ मध्ये पाच-सहा जातात. हे सगळं सीताबर्डीच्या बाजारात एका फेरीत मिळतं. मृगाच्या आधी वादळं सुरू झाली की मात्र काम संपल्यावर केबल डोंगलमधून काढून घराबाहेर ठेवायची सवय लावा. विदर्भातल्या विजांशी खेळ नको.

गेनच्या, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्या आकड्याच्या, बाबतीत जवळजवळ प्रत्येक नवशिक्या आकडा शेवटाला नेऊन ठेवतो. या डोंगलमध्ये सिग्नलचे आकडे करणारा एडीसी ८ बिटांचा आहे, त्याचा आवाका तोकडा. शहरातली एफएम केंद्रं ८८ ते १०८ मध्ये जोरात चालू असतात. गेन फार ठेवला की ती डोंगलला दाबून टाकतात आणि दूरच्या विमानाचा बारीक आवाज त्यात बुडतो. अँटेना काढून वॉटरफॉलची (पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्राची) तळरेषा, म्हणजे नुसत्या खरखरीची पातळी, बघा, मग अँटेना लावा आणि गेन एकेक पायरी वाढवा. तळरेषा थोडी वर उचलली गेली की तिथेच थांबा, त्यापुढे फक्त गोंधळ वाढतो. एफएम अडवणारा फिल्टर मिळाला तर डोंगलच्या तोंडाशी लावा. माझ्या मते तो अॅम्प्लिफायरपेक्षा आधी घ्यावा.

मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेलं डोंगल हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि त्याची फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा क्रिस्टल सरकतो. साध्या डोंगलमध्ये ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) चूक सहज निघते. १३१.५५० वर ती साडेसहा किलोहर्ट्झ होते. एएम असल्यामुळे एकार्स एवढं चालवून घेतं, पण पुढे ज्या पद्धतीबद्दल सांगतोय ती घेत नाही. टीसीएक्सओवालं, म्हणजे तापमानाने फारसा न सरकणाऱ्या क्रिस्टलचं, डोंगल घ्या आणि ते सावलीत ठेवा.

आता ओळी कमी येण्याचं दुसरं कारण. तुम्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर बसला आहात. १३१.५५० सुरुवातीला बरोबर आहे, पण १३१.५२५, १३१.७२५ आणि १३१.८२५ वरही नजर ठेवा. वॉटरफॉलवर जिथे छोट्या टिकल्या उमटतील ती फ्रिक्वेन्सी यादीत घाला. डोंगल एका वेळी दोन मेगाहर्ट्झहून थोडा जास्त पट्टा बघतं आणि एकार्सडेक त्यातली अनेक चॅनेलं एकदम वाचतं, त्यामुळे हे चारही एका डोंगलवर भागतात.

नव्या विमानांची बरीच वाहतूक मात्र तिथे नाहीच. ती १३६.९७५ वर व्हीडीएल मोड-२ या वेगवान डिजिटल पद्धतीत गेली आहे. तिथे सेकंदाला १०,५०० चिन्हं जातात, प्रत्येक चिन्हात ३ बिट, म्हणजे ३१,५०० बिट. जुन्याच्या तेरापट. १३१.५५० पासून हे अंतर जवळजवळ साडेपाच मेगाहर्ट्झ, म्हणून दुसरं डोंगल लागेल. अँटेना तोच चालेल, मध्ये स्प्लिटर टाका. डीकोडर म्हणून डंपव्हीडीएल२ उत्तम आहे. इथे विमान आपला २४ बिटांचा पत्ता सांगतं. हेक्समध्ये तो ८० ते ८३ यांपैकी कशानेही सुरू झाला तर विमान भारतात नोंदलेलं आहे. हाच पत्ता १०९० मेगाहर्ट्झवरच्या एडीएस-बी मध्येही (विमान आपली जागा जाहीर करतं त्या प्रसारणात) असतो, त्यामुळे कोणतं विमान कुठे असताना बोललं ते जुळवता येतं. मगाशी सांगितलेल्या नकाशासाठी हीच जोडणी वापरायची. फक्त एक ध्यानात ठेवा, एडीएस-बीवर विमान सतत ओरडत असतं आणि डेटालिंकवर, म्हणजे संदेशांच्या या रेडिओवर, कामापुरतं बोलतं. १०९० वर साठ विमानं दिसतात आणि इथे दहाच, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

जमिनीची बाजू ऐकायचीच असेल तर दोन वाटा आहेत. पहिली एचएफ, म्हणजे लघुलहरींवरची, डेटालिंक. २.८ ते २२ मेगाहर्ट्झच्या मधल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर हे चालतं, वेग ३०० ते १८०० बिट, आणि सिग्नल वातावरणाच्या वरच्या आयनोस्फिअर थरावरून परतून येतो. प्रत्येक स्टेशन दर ३२ सेकंदांना स्वतःची ओळख पाठवतं. नागपूरहून थायलंडचं हाट याई आणि बहरीनचं अल मुहर्रक, दोन्ही २,८०० ते ३,००० किलोमीटरच्या आसपास. एका उडीला हे अंतर सोयीचं आहे. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी, रात्री १० मेगाहर्ट्झच्या खालच्या. दहा मीटर तार, ती डोंगलशी जुळवायला एक नऊला-एकचा ट्रान्सफॉर्मर आणि एचएफ ऐकू शकणारं डोंगल घेऊन डंपएचएफडीएल हा डीकोडर चालवा. शत्रू एकच: गल्लीतले कूलर. त्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी एचएफचा तळ पार खराब करतात. हे काम पहाटे चारनंतर करा, किंवा हिवाळ्यात.

दुसरी वाट उपग्रहाची. हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट उपग्रहाचा एल बँड, १५४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. दक्षिणेचं मोकळं आकाश, एक पॅच अँटेना, एक अॅम्प्लिफायर आणि जेएरो हे सॉफ्टवेअर. इथे तुम्हाला नेमकं उलटं मिळेल: उपग्रहाकडून विमानाकडे जाणारंच सगळं, विमानाचं काही नाही.

संदेश कुलूपबंद असतात का? बहुतेक नसतात. न वाचता येणाऱ्या मजकुराची कारणं साधी असतात. एक तर तुकडे सुटे पडलेले असतात. नाहीतर हेक्समध्ये बांधलेले हवाई नियंत्रणाचे संदेश असतात. एए आणि बीए लेबलं नियंत्रक-वैमानिक संवादाची, बी६ जागा कळवण्याची. ते लिबएकार्स हे सॉफ्टवेअर उलगडून देतं. क्यू शून्य नुसती लिंकची चाचणी. एच१ मध्ये इंजिन आणि उड्डाण संगणकाचा मोठा मजकूर. क्यूए, क्यूबी, क्यूसी, क्यूडी ही गेट सोडलं, हवेत गेलो, टेकलो, गेटला लागलो यांची लेबलं. ती वरून जाणाऱ्या विमानांकडून येणार नाहीत, नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडूनच येतील. काहींनी मजकूर झाकण्याचा प्रयत्न केला आहे. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यातली एक पद्धत तपासली, तेव्हा ती अक्षराच्या जागी अक्षर ठेवणारी निघाली, सहज सुटणारी.

यंत्राने आपणहून पाठवलेल्या या कोरड्या ओळींचं मोल किती, ते १ जून २००९ ला दिसलं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर नाहीसं झालं. त्यात २२८ माणसं होती. तपास करणाऱ्यांच्या हातात सुरुवातीला एकार्सचे २४ देखभाल संदेश होते, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) २ वाजून १० मिनिटांपासून जेमतेम पाच मिनिटांत आलेले. त्यातला एकही वैमानिकाने टाइप केलेला नव्हता. वेगाच्या आकड्यांचा मेळ बसत नाहीये, हे त्यांतूनच पहिल्यांदा कळलं. उड्डाणाची रेकॉर्डर यंत्रं समुद्रतळातून वर यायला २०११ चा मे उजाडला. लेबलं आणि वेळा नीट नोंदवा असं सांगतो ते यासाठी.

कायद्याचं कमी शब्दांत, पण गांभीर्याने सांगतो. २०२३ चा दूरसंचार कायदा बेकायदेशीरपणे संदेश टिपण्याला गुन्हा मानतो. तुम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा द्या. वय १२ पूर्ण असलेला कुणीही देऊ शकतो आणि तुमच्या अभ्यासक्रमाचं अर्धं तिथे येऊन जातं. पण तो परवाना हौशी पट्ट्यांवर बोलण्याचा आहे, दुसऱ्यांचे संदेश वाटून खाण्याचा नाही. म्हणून प्रकल्प विभागप्रमुखांच्या लेखी संमतीने, कॉलेजच्या नावाने करा आणि त्यांच्यामार्फत दूरसंचार विभागाकडे परवानगी विचारून घ्या, ती मिळाल्यावरच डोंगल चालू करा. मजकूर कुठेही टाकू नका. त्यात प्रवाशांची नावं, आजारपणं, कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या असू शकतात. लॉगमधून मजकुराचा रकाना साठवण्याआधीच गाळून टाका. तुमच्या नकाशाला वेळ, पत्ता, लेबल, ब्लॉक आणि पावतीचं अक्षर एवढंच लागतं. आणि या पट्ट्यात काहीही प्रसारित करायचं नाही, चाचणी म्हणूनसुद्धा नाही.

परवानगी हातात आली की आधी अँटेना वर चढवा, गेन सांगितला तसा लावा, संगणकाचं घड्याळ यूटीसीवर करा आणि एक पूर्ण दिवस दोन्ही डोंगल चालू ठेवा. मग मजकूर गाळलेला लॉग, अँटेनाची उंची आणि तळरेषा दिसेल असा वॉटरफॉलचा एक फोटो मला दाखवा. पावत्यांची पुनरावृत्ती मोजायचा छोटा प्रोग्राम कसा लिहायचा ते त्याच लॉगवर आपण करून बघू.